पाकटाच्या लेखातली एक दुरुस्ती

मालवण,
१६ नोव्हेंबर २००८

प्रिय सत्यवान,

तू, किरण आणि दिव्या खुशाल असाल असं धरून चालते. आये वयाच्या मानाने बरी आहे. गुडघे दुखतात, तरी सकाळी टोपली घेऊन बाजारात जायचं सोडत नाही. यंदा बांगडा भरपूर लागला. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते, म्हणून उचलता आला नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. फोन वाजला तेव्हा मी शेजारीच बसले होते. पण ते वाक्य खोडत नाही. चुकलेलं तसंच ठेवून खाली खरं लिहायचं, हे मी अलीकडे एका ठिकाणी शिकले. पत्र त्याबद्दलच आहे.

आमच्या शाळेत इंटरनेट आलं, तेव्हापासून मी इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात लिहिते. तो कुणीही लिहू शकतं आणि कुणीही सुधारू शकतं. आजारांवरचे लेख आम्ही पाचसहा जण मिळून करतो. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. गौरजा म्हणून एक आहे, परदेशात परिचारिका. वॉर्डातली पाळी संपवून येते आणि काविळीवर चार ओळी लिहून जाते. दत्ताराम भंडाऱ्याचे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, पण जेलीफिशच्या लेखासाठी कागदावर चित्र काढून पाठवलं, ते इतकं हुबेहूब की मी आयेला दाखवलं.

आयेने विचारलं, "हेंका पगार कोण देता?"

"कोण नाय, आये."

"फुकट लिवतत? आणि वर एकमेकांच्या चुको काढतत? आमच्या बाजारात भांडाक निदान म्हावरा तरी लागता!"

मी हसले, पण खरं सांगते, मला अजून त्या सगळ्याचं नवल ओसरत नाही. मीठ-साखरेच्या पाण्यात साखर किती, एवढ्यासाठी चार अनोळखी माणसं आठवडाभर पुस्तकं धुंडाळतात. का? तर कुठल्या तरी गावात कुणी तरी ते वाचून लेकराला पाजील. त्या लेखाचा जुना इतिहास उघडला की पहिल्या दोन ओळींपासून प्रत्येक बदल दिसतो, कोणी केला आणि कधी केला त्यासकट. चुका पुसलेल्या नसतात. चुकणाऱ्याला कुणी हसलेलंही नसतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेच्या त्या खोलीत मी नकळत खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

ऑगस्टमध्ये मी पाकटाच्या काट्यावर लेख घेतला. पाकट म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला तो चपटा मासा, आपली वागळी. हे नाव वाचून तू पत्र खाली ठेवशील, हे मला कळतं. थोडं पुढे वाच.

मी लिहिलं होतं: 'काटा लागल्यास पाय कढत पाण्यात बुडवण्याचा गावठी उपाय घातक असून त्याने पाय सडतो. बर्फ लावावा व वर घट्ट बांधावे.' एका दमात लिहिलं. शंका आली नाही.

गौरजाने ते दोन दिवसांत काढलं आणि चर्चेच्या पानावर आधार मागितला. मला राग आला. मी समुद्रावरची, ही कुठली कोण! मी लिहिलं, 'आधार माझ्या घरात आहे. १९८३ साली माझ्या सतरा वर्षांच्या भावाचा अर्धा चवडा असाच गेला.'

तिचं उत्तर आलं: 'सुगंधाताई, वाचून वाईट वाटलं. पाय पाण्यात किती वेळ होता? त्यानंतर काय केलं? आठवत असेल तर लिहाल का?' खाली तिने तीन वैद्यकीय नियतकालिकांचे संदर्भ दिले होते. त्या काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर पाय ठेवणं हाच पहिला उपाय. मग दवाखाना, कारण काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते.

तिचा प्रश्न साधा होता. घरी येऊन त्या वर्षाची डायरी काढली. आठवत नव्हतं म्हणून नव्हे. आठवत होतं म्हणूनच.

तुम्ही सगळे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होतात, तेव्हा वागळीचा काटा तुझ्या पायात गेला. तुला उचलून आणलं. आयेने चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं आणि तुझा पाय आत धरला. तू ओरडायचा थांबलास, हेही डायरीत आहे. मग कॉलेजातून मी आले. मी म्हटलं, "आये, ह्या काय? पाय भाजतलो तेचो!" पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी पाय बाहेर काढला. प्रथमोपचाराच्या पुस्तकात सापाच्या दंशावर वाचलं होतं तसं घोट्याच्या वर सुतळीने करकचून बांधलं. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली आणि संध्याकाळपर्यंत पाय बर्फात ठेवला. तू "बाय, सोड गो" म्हणत होतास. घरात शिकलेली मी एकटी होते, म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी पाय काळा पडला म्हणून तुला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय केलं होतं?" मी म्हणाले, "आईने कढत पाण्यात पाय घातला." तिथेच थांबले. सुतळीचं बोलले नाही, बर्फाचंही नाही. डॉक्टर सगळ्यांसमोर तिला अडाणी म्हणाले. मी तिथे उभी होते.

नेमकं कशाने झालं, हे आज कुणी छातीठोक सांगणार नाही. काटा आत राहिला असेल, सुतळीने रक्त अडलं असेल, बर्फाने भर पडली असेल. पण पाण्याने झालं नाही, हे नक्की. तू फोंडाघाटाला, समुद्र दिसणार नाही अशा गावी दुकान थाटलंस आणि चोवीस वर्षं आयेच्या घराची पायरी चढला नाहीस, ते त्या पाण्यासाठी. मला एका वाक्याने हे थांबवता आलं असतं.

चर्चेच्या पानावर मी सगळं लिहिलं. दत्तारामांनी फक्त 'वाचलं. लिहिलंत हे बरं केलंत' एवढं लिहून माझ्या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. पण तिथे लिहिणं सोपं होतं. मग आयेला सांगितलं. ती विळीवर बांगडे कापत होती.

"म्हणजे माझ्या पाण्यान नाय?"

"नाय, आये."

"आणि तू काय केलंस ता तुका तेवाच ठावक होता."

"होता."

"बाजारात बायलो म्हणत, हिणा पोराचो पाय शिजवलो. पंचवीस वर्सां आयकलंय मी." तिने उरलेले बांगडे कापून धुतले. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तसं काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तेका लिवलंस?"

"लिवतंय. ये म्हणान लिवू?"

"ये म्हणान लिवू नको. माझ्या नावान माफी तर अजिबात मागू नको. खरां काय ता लिव. पाय तेचो, खंय टाकूचो ता तेचा तो बघतलो."

म्हणून ये असं लिहीत नाही. डायरीची ती दोन पानं सोबत जोडली आहेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, ती वाच. किरणला आणि दिव्यालाही वाचायला दे. त्यांनी आजीबद्दल जे ऐकलं आहे, ते माझ्यामुळे ऐकलं आहे.

यापुढे तू मला बाय म्हणशील की नाही, ठाऊक नाही. म्हणून खाली नुसतं नाव लिहिते.

सुगंधा