चाळीस पैठण्यांच्या घड्या

आण्णा, आज अमावस्या. येवल्याला आपलं दुकान बंद असायचं, तसं आज माझंही बंद आहे. तुम्ही ते पाहिलंच नाहीत. नाशकात द्वारका चौकाजवळ आहे, मोठ्या काचेचं. सकाळीच मधोमध सतरंजी अंथरलीय. समोरच्या कपाटात चाळीस पैठण्या आहेत आणि मला त्यांची भीती वाटते.

तुमच्या कपाटात बारा असायच्या. एक विकल्याशिवाय तेरावी तुम्ही कधी आणली नाहीत. दर अमावस्येला प्रत्येक साडी उलगडून घडी वेगळ्या जागी घालायची, कारण एकाच घडीत राहिली की जरीची तार तिथेच तुटते. मी दहा वर्षांची असताना वरच्या कप्प्यातल्या तीन साड्या तुम्ही माझ्यावर सोपवल्या होत्या, सतरंजीवर पसरून एकटीने करायला. मग दिवाळीतला तो दिवस. तुम्ही गिऱ्हाइकासमोर माझ्या तिनांतली हिरवी पैठणी झोकात उलगडता, आणि पदरावर घडीच्या रेषेत जर तुटलेली. गिऱ्हाईक उठून जातं. तुम्ही ओरडत नाही, त्यानेच माझी जास्त गाळण उडते.

"पोरी, माल नुसता बसत नाय," तुम्ही म्हणालात. "बसल्या बसल्या खातो. जागा खातो, येळ खातो. अन् हात नाय लावला, तर सोताला खातो."

"विसरले," मी म्हणाले. ती साडी आईने नेसली, तुटका भाग चापूनचोपून आत लपवून. लग्नाकार्यात तिला पाहिलं की मी दुसरीकडे बघायचे.

आणि एवढं सगळं माहीत असून मी काय केलं? मागच्या लग्नसराईआधी व्यापारी म्हणाला, "ताई, पैशाची घाई नाय. सीझन होऊ द्या." उधारीचा माल घरात येतो तेव्हा फुकटच वाटतो हो! रोखीने मी दहा घेतल्या असत्या, उधारीवर शंभर उचलल्या, तेही चढ्या भावाने. सराई संपली, चाळीस राहिल्या. त्यांच्यासाठी एसी चालतो, विमा भरते, भाडं जातं. साडी एकही जात नाही.

काल त्याचा फोन आला. "सोमवारी येतो, ताई. पैसे नसले तर माल परत घेतो, तेवढी वळख हे आपली. पण घडी न् घडी बघून. तुटलेली साडी तुमच्याकडंच राहील, अन् तिचे पैसे तेवढे लगेच."

चारदोन तुटल्या असतील तर निभावेन. सगळ्याच तुटल्या असतील तर राहतं घर विकावं लागेल, आणि ह्यांना यातलं अजून काहीच ठाऊक नाही. चहाचा कप हातात देतात तेव्हा मी हिशेबाची वही मिटून ठेवते.

वर्ष झालं, आण्णा, एकाही साडीची घडी बदललेली नाही. तुम्ही विचाराल, का? तेव्हाही मी विसरले नव्हते, खेळायला पळाले होते. आताही विसरले नव्हते. आधी कामाच्या धबडग्यात राहिलं, मग चारपाच अमावस्या गेल्यावर उलगडून बघायची हिंमत होईना. आता दुपारचे तीन वाजलेत. कपाटाची किल्ली सतरंजीवर पडलीय, आणि एकही साडी काढायला नको म्हणून मी सकाळपासून तुम्हाला हे लिहीत बसलेय.