वजा नव्वद

तीर्थस्वरूप ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? साडूसाहेबांचा चष्मा बदलून झाला का? इकडे मी ठीक आहे, किंबहुना डॉक्टरांच्या मते जरा जास्तच आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र. तोंडाने सांगायला गेलो तर मी तिसऱ्या वाक्याला थांबतो, म्हणून लिहितो.

मी रात्रपाळीला वजनकाट्यावर असतो हे तुम्हाला माहीत आहेच. मालट्रक आधी रिकामा येतो, मग भरून येतो. मी दोन्ही वेळा तोलतो आणि चिठ्ठी फाडून देतो. तर कंपनीच्या डॉक्टरांनी मला तपासून सांगितलं की पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरलं नाही, तर रात्रपाळी बंद आणि दिवसपाळी सुरू. बाकीचे लोक यासाठी वशिला लावतात. मला नको आहे. दिवसा घरी झोपलो की जिन्यावर मुलं धावतात, वरच्या मजल्यावर शिलाई मशीन चालते, कुणीतरी कुणावर तरी ओरडत असतं, आणि घर भरल्यासारखं वाटतं. तेच घर रात्री कसं असतं ते मी तुमची धाकटी बहीण गेल्यानंतरच्या रजेत पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही. तेव्हा वजन उतरवणं भाग आहे.

तुम्ही सांगितलंत की अंधार पडल्यावर तोंडात काही टाकायचं नाही. नियम सोपा आहे, पण तो सकाळी उठणाऱ्या माणसासाठी केलेला दिसतो. मी उठतो तेव्हा उन्हं कलायला लागलेली असतात. म्हणजे तोंड धुवायचं आणि नाश्ता, दुपारचं जेवण व रात्रीचं जेवण हे सगळं दिवे लागायच्या आत उरकायचं. मी तसं केलं. कामावर जाताना बसमध्ये एका बाईंनी उठून मला जागा दिली. (का दिली ते मी विचारलं नाही.) मग रात्रभर उपाशी. भुकेने असा हैराण व्हायचो की बंद ट्रकमध्ये काय भरलंय ते मला वासावरून सांगता येऊ लागलं. उजाडलं की नियमाप्रमाणे पुन्हा परवानगी, म्हणून घरी येऊन पोटभर जेवायचो आणि लगेच झोपायचो. ताई, नियम एकदाही मोडला नाही. पँटचं बटण मात्र तुटलं.

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, सकाळी भरपूर खा आणि रात्री हलकं. मी म्हटलं, सकाळ माझी की जगाची? ते म्हणाले, तुमची. नर्सबाई म्हणाल्या, अहो काहीतरीच काय, जगाची. दोघांची तिथेच जुंपली. मी थोडा वेळ थांबलो आणि दार हळूच लावून बाहेर आलो. त्या दिवसापासून तुमचा नियम सोडला (रागावू नका) आणि पूर्वीसारखा डबा नेऊ लागलो.

आता वजन उतरतंय की चढतंय ते कळायला हवं ना? घरी काटा नाही, पण कामावर एवढा मोठा आहे. म्हणून पाळी संपली की मी काट्यावर उभा राहायचो. आमचा काटा दहा-दहा किलोच्या उड्या मारतो, ट्रकला तेवढं पुरतं. मी उभा राहिलो की नव्वद. जेवून नव्वद, उपाशी नव्वद, बूट काढून नव्वद. एका ड्रायव्हरने खिडकीतून बघून विचारलं, "काय साहेब, रिकामे आहात का भरून?" मी म्हटलं, रिकामा. तो म्हणाला, "मग भरल्यावर पुलावरून नाही सोडणार तुम्हाला."

पुढे जे झालं त्यात माझी चूक किती, ते मला अजून कळलेलं नाही. काट्यावर रात्रभर चिखल-माती साचते. सकाळच्या पाळीचा माणूस आल्या आल्या शून्याचं बटण दाबतो, म्हणजे त्या मातीचं वजन धरलं जात नाही. सकाळी आमचा आबा असतो. (वयाने माझ्याहून लहान आहे, पण सगळे आबाच म्हणतात.) परवा मी काट्यावर उभा असताना आबाने बाहेर न बघता, सवयीने बटण दाबलं. मी मान वर करून पाहिलं तर आकड्यांच्या पाटीवर शून्य. क्षणभर फार बरं वाटलं. मग भीती वाटली. खाली उतरलो, तर वजा नव्वद. मला वाटलं, बिघाड झाला असेल, आबा बघेल. आबाला वाटलं, काटा मघाशीच शून्यावर आणलाय, आता काय बघायचं. मी घरी जाऊन झोपलो, आणि रात्री मी रिकामा तोललेला प्रत्येक ट्रक दुपारपर्यंत भरून जाताना माझ्या वजनाइतका हलका निघाला.

मॅनेजरसाहेबांनी आबाला उभं करून विचारलं, नव्वद किलो गेले कुठे? आबा म्हणाला, "ते घरी झोपलेत."

आता मला काट्यावर पाय ठेवायची बंदी आहे. तपासणी जवळ आलीये. माझं वजन किती ते माहीत नाही, आणि माझी सकाळ नेमकी कधी होते तेही नाही. बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तोवर तपासणी झाली. डॉक्टरांचा काटा ग्रॅमसुद्धा दाखवतो. वजन वाढलंय. त्यांनी शेवटची मुदत दिली आणि रात्री काय काय खाता ते आठवून सांगा म्हणाले. आठवायला बसलो तेव्हा लक्षात आलं, मी दोनदा जेवतो. डब्याच्या सुटीत धाकटीचा फोन यायचा. जेवलात का, एवढंच विचारायची. मी हो म्हणायचो, ती फोन ठेवायची, आणि जेवण झालेलं असायचं. आता हो म्हणायला कुणी नसतं, त्यामुळे झालं असं वाटतच नाही आणि थोड्या वेळाने मी परत सुरू करतो. हे डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांना बिस्किटं सांगितली.

ता. क. दुसरा. तर तुम्ही मला फोन कराल का? नियम सांगायला नको, नुसतं विचारायला. तुम्ही लवकर झोपता, म्हणून मी डब्याची सुटी लवकरची मागून घेतली आहे.

ता. क. तिसरा. साडूसाहेबांनी मला गुपचूप कळवलंय की तुम्ही हल्ली भरल्या ताटावरून उठता आणि तुमची अंगठी बोटात राहत नाही. तेव्हा मीही विचारणार आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय डबा उघडणार नाही. आणि मला भूक लवकर लागते, हे तुम्हाला माहीत आहे.