अब्बा उंबऱ्यात अडकले त्याची हकिकत

मु. पो. लासुर्णे,
गिरणीला सुट्टी असल्याने निवांत बसून

आदरणीय आपा,

धाकटा भाऊ राजमहंमद याचा तुला आणि दाजींना सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? इंदापुरात गार वारं सुटलंय असं ऐकतो, तेव्हा पायात मोजे घालून बसत जा. दाजी हसले तर हसू देत. इकडं आम्ही खुशाल आहोत. गिरणी चालू आहे, तुझ्या भावजयीची, नूरजहाँची शुगर ताब्यात आहे (असं तीच सांगते, फ्रिजमधली बर्फी कोण संपवतं ते मी विचारत नाही). फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणतेस आणि शेवटी "कोण बोलतंय?" म्हणून विचारतेस. ही हकिकत तशी ऐकण्यातली नाही.

तर आपा, आमची मुबशिरा ईदला पुण्याहून आली ती एक काळा डबा घेऊन. आकारानं आपल्या पोळ्यांच्या डब्याएवढा. म्हणाली, "अब्बा, हा आपला घरचा सर्व्हर. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ ह्यात. टीव्हीवर कधीही बघा." मी डबा उचलून बघितला. आपल्या खानदानातली सगळी लग्नं, बारशी, माणसं, त्यातली निम्मी आता या जगात नाहीत, आणि डबा माझ्या एका हातात! एवढ्या माणसांना उचलून माझा हात थोडासुद्धा भरून आला नाही. मी तो हळूच खाली ठेवला (नूरजहाँ म्हणाली, "अंडी हायती का त्यात?").

आता ऐक. तुझ्या लग्नाची कॅसेट होती ना, कपाटात बुरशी धरलेली? ती मुबशिरानं पुण्यात नेऊन एका माणसाकडून साफ करून घेतली, चित्र मोठं आणि स्वच्छ करून घेतलं. कॅसेटची फीत त्या कामात तुटली ती तुटलीच, पुन्हा चालणार नाही. म्हणजे आपले अब्बा चालताबोलता जिथं दिसतात अशी जगाच्या पाठीवर एकच जागा उरली, तो डबा. मुबशिरानं तिच्या ह्या आजोबांना बघितलेलंच नाही. ती जन्मायच्या आधीच ते गेले. म्हणून ती सगळ्यात आधी तेच लावायला बसली.

लावलं. मांडव दिसला, पताका दिसल्या, आपल्या जुन्या गिरणीचा पत्रा दिसला. घराच्या दारातून अब्बा बाहेर यायला निघाले, उंबऱ्यावर एक पाय ठेवला आणि थांबले. टीव्हीवर गोल चक्र फिरायला लागलं. चक्र थांबलं, अब्बांचा दुसरा पाय हवेत आला, पुन्हा चक्र. कितीही वेळा लावा, अब्बा उंबऱ्यातच. मुबशिरानं फोनवर काय काय दाबून बघितलं, पण तिची सुट्टी संपली आणि ती पुण्याला गेली. अब्बा राहिले उंबऱ्यात.

मग मी कामाला लागलो. शेजारचे आबाजी (तुला ते उसाच्या कांड्या आणून द्यायचे, ते, आता काठी धरून चालतात) रोज येऊन बसायचे. अब्बांचे जुने दोस्त, त्यांनाही बघायचं होतं. ते म्हणाले, "राजा, बैल आडला की त्येची शेपूट पिळत्यात. हेची शेपूट कुठली?" मी वायरी काढून परत लावल्या. टीव्ही बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. शेवटी मुबशिराला फोन केला. ती म्हणाली, "अब्बा, डबा पुढच्या खोलीत, टीव्ही माजघरात, मधे दगडी भिंत आणि धान्याच्या लोखंडी कोठ्या. वाय-फाय पोचत नसंल. सरळ केबल टाकून बघा."

केबल टाकायची म्हणजे भिंतीला भोक आलं. मी ड्रिल मशिन मागून आणलं, बिस्मिल्ला म्हणून सुरू केलं. दगड भारी निघाला, मशिन हातात वळवळायला लागलं, पण मी सोडलं नाही. एकदाचं आरपार गेलं. बाहेर ओढतो तर टोक पिवळंधमक! क्षणभर मला वाटलं वाडवडलांनी भिंतीत सोनं पुरलंय. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नूरजहाँ ओरडली, "अवो, हळदीच्या डब्यातनं काय आलं हे?" भोक तिरकं जाऊन तिच्या मांडणीमागं निघालं होतं. (भोक तसंच आहे. केबल आता स्वयंपाकघरातून फिरून माजघरात जाते, आणि डाळ-तांदळाकडं जाताना नूरजहाँ तिच्याखालून वाकते आणि दरवेळी माझं नाव घेते.)

केबल लागली. आम्ही तिघं बसलो. अब्बा दारात आले, उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि चक्र. आबाजींनी काठी आपटली. म्हणाले, "जिता असताना असा कधी आडला न्हाय ह्यो मानूस."

मी पुन्हा पोरीला फोन लावला. तिनं शांतपणे विचारलं, "दुसरे व्हिडिओ नीट चालतात का?" चालत होते. तुझ्या आफताबच्या पोराचं बारसं कसं लोण्यासारखं चालत होतं. "मग रस्ता चांगला आहे," ती म्हणाली. "अडचण डब्याची आहे. अब्बा, हा व्हिडिओ ज्या पद्धतीनं साठवलाय ती आपल्या टीव्हीला कळत नाही. म्हणून डबा तो चालता चालता टीव्हीच्या भाषेत करून देतो. चित्र मोठं, डब्याचा जीव लहान. गर्दी आली की तो मागं पडतो."

आपा, मला चटकन समजलं. आठवतंय का, लग्नात मौलवीसाहेब उर्दूत बोलायचे आणि अब्बा शेजारी बसलेल्या आबाजींना मराठीतून सांगायचे? मौलवीसाहेब भराभर बोलायला लागले की अब्बांची धांदल व्हायची आणि आबाजी म्हणायचे, "दस्तगीर, मागलं राहिलं, मागलं सांग." तो गरीब डबा तेच करत होता, आणि मी त्याला शिव्या देत होतो. मी जाऊन त्याच्यावरनं हात फिरवला. गरम झाला होता बिचारा.

पोर म्हणाली, "त्याला चालता चालता करायला लावायचंच नाही. सगळा तर्जुमा आधीच करून ठेवू दे, मग बघू." तिनं पुण्यात बसून कुठलंतरी बटण दाबलं आणि इथं लासुर्ण्यात डब्याचा दिवा लुकलुकायला लागला. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. आतला पंखा घूं घूं करत होता. आपलं अख्खं लग्नघर त्यात दळलं जात होतं, आणि माझ्यासारख्या गिरणीवाल्याला तिथं काही काम नव्हतं. मगरीबची नमाज झाली तेव्हा तिचा फोन आला, "लावा."

ती फोनवर व्हिडिओ कॉलनं बघत होती. आबाजी, नूरजहाँ आणि मी समोर. दार दिसलं. अब्बा आले. उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि आपा, ते बाहेर आले! मांडवात आले! पण एक पाऊल पडतंय, मधेच अडतंय, झटका बसतोय, मग दुसरं पडतंय. पोर फोनमधून रडकुंडीला येऊन म्हणाली, "अजून अडकतोय! अब्बा, बंद करा, मी परत करते." मी रिमोट उचलला.

तेवढ्यात आबाजी काठी न घेताच उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "न्हाय पोरी. काय आडकत न्हाय. गिरणीच्या पट्ट्यात पाय गावल्यापासनं दस्तगीर असाच चालायचा."

मी बघितलं. मागं पताका सरळ हलत होत्या. पोरं सरळ पळत होती. एकटे अब्बा लंगडत येत होते, उजवा पाय ओढत, हात सगळ्यांना जोडत. आपा, इतक्या वर्षांत ते चालणं माझ्या डोळ्यांपुढून पुसलं गेलं होतं. माझ्या ध्यानात राहिले ते फोटोतले अब्बा, आणि फोटोत कुणी लंगडत नाही. यंत्रानं चित्र इतकं खरं दाखवलं की आम्हाला तो बिघाड वाटला.

नूरजहाँनं पदर डोळ्याला लावला. फोनमध्ये पोर आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "दादाजान असे चालायचे?" आबाजी म्हणाले, "असाच. आन् समद्यांच्या आधी पोचायचा." आम्ही ते चालणं परत लावलं. परत लावलं. दर वेळी ते उंबरा ओलांडून आले.

बाकी सर्व ठीक. आफताबला आणि लेकराबाळांना दुवा.

तुझा धाकटा भाऊ,
राजमहंमद

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. तुझ्या बिदाईच्या वेळी जीपजवळ अब्बा तुझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलतात, आणि रडता रडता तू फसकन हसतेस. बँड वाजतोय, एक शब्द ऐकू येत नाही. आबाजी म्हणतात, दाजींच्या मिशीबद्दल असणार. नूरजहाँ मला म्हणते, तुमच्याबद्दलच असणार. मुबशिरा रोज फोन करून विचारते. अब्बा काय म्हणाले?

ता. क. दुसरा. सांगायचं नसेल तर सांगू नको, आपा. आपाच्या ध्यानात राहिलं नाही असं मी सगळ्यांना सांगीन. पण तुझ्या ध्यानात आहे, एवढंच मला एकट्याला कळव.