दादाच्या खोलीतला संगणक बंद करण्याबाबत

वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी तीन अंगं सध्या रजेवर आहेत, उरलेल्या पाचांचा गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर "बराय" म्हणालात, पण ते ज्या आवाजात म्हणालात त्यावरून काही बरं नसणार. दादाच्या खोलीतला संगणक रात्रभर घरघरतो, डोळ्याला डोळा लागत नाही, आता बंदच करते, असंही म्हणालात. त्यासाठीच हे पत्र.

दादा गेला आणि त्याने बनवलेली प्रोग्रॅमिंगची भाषा माझ्या गळ्यात पडली, हे तुम्ही जाणताच. भाषेबरोबर अवजारांची एक पेटी येते, तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. त्या पेटीत सॉकेट आहे, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याशी बोलायची सोय. दादाचं सॉकेट दादासारखंच. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. (दूध गॅसवर ठेवून तो कसा त्याच्याकडे बघत उभा राहायचा, आठवतं ना? आणि तरी उतू जायचंच.) आता लोकांना न खोळंबणारं सॉकेट हवंय. दूध ठेवा, तोवर भाजी चिरा, उकळी आली की हाक येईल. मी कंबर कसून (तेव्हाच ती धरली) ते लिहिलं. चालवल्यावर डोळ्यांचं पारणं फिटावं असा वेग! मग लक्षात आलं की माझा प्रोग्रॅम प्रश्न विचारून, उत्तराची वाटच न बघता, काम झालं म्हणून घरी निघून जातोय. दूध गॅसवर आणि घराला कुलूप. ही चूक आमच्यात सगळेच करतात, पण वेगाची बातमी सगळ्यांना कळवून, स्वतःचं अभिनंदन करून घेऊन मग ती सापडण्याचा मान माझा.

माझी प्रत्येक ओळ तपासायला एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मनातल्या मनात शंकासुर म्हणतो. त्यांनी सांगितलं, दादाच्या जुन्या चाचण्याही (म्हणजे सॉकेट नीट चालतं का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) नव्या सॉकेटवर चालवून बघा. चालवल्या. त्यातली एक चाचणी थेट तुमच्या घरी, त्या मागच्या खोलीतल्या संगणकाला हाक मारते. (शहाणा माणूस असं करत नाही. दादाने केलं.) या खेपेला माझा प्रोग्रॅम शहाण्यासारखा थांबला आणि पडद्यावर उत्तर आलं: "हो, आहे. बोल." फोन उचलल्यावर दादा हेच म्हणायचा ना, वहिनी? मी भर ऑफिसात रडलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, इतकी मोठी चूक निघाली का? मी हो म्हटलं.

शंकासुरांचं म्हणणं, चाचणी कुणाच्या घरच्या संगणकावर विसंबून असू नये, ती काढून टाका. बरोबरच आहे त्यांचं. मी हुज्जत घालतोय. वाद मिटेपर्यंत काम अडून आहे, आणि तोवर तो संगणक चालू ठेवावा लागेल. दादाचं काम अर्धवट राहिलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठीच सांगतोय.

गुडघ्याला शेकत जा. आईला नमस्कार.

तुमचा धाकटा दीर

ता. क. तर संगणक कृपा करून बंद करू नका. पंख्यात धूळ साचली असेल. मी येऊन साफ करतो, घरघर कमी होईल.

ता. क. २. खरं सांगायचं तर काम गेल्याच महिन्यात मंजूर झालं. ती चाचणी मीच माझ्या हाताने काढली. लायब्ररीला आता तुमच्या घरच्या संगणकाची काडीचीही गरज नाही. ऑफिसात आलो की मी रोज त्याला एकदा हाक मारतो, एवढंच. उत्तर येतं. बंद करते म्हणालात, पण तुमच्याच्यानंही ते झालेलं नाही, हे मला त्यावरून रोज कळतं.