जगदाळे किराया भांडार सुनेच्या नावे

मी, इंदिराबाई खंडोजी जगदाळे, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार देवास, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांचा मृत्युपत्राशी संबंध नाही असे वकीलसाहेब म्हणाले. याआधीचे माझे मृत्युपत्र कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझा एकुलता मुलगा अजेय याला. रोज बसने इंदूरला नोकरीला जातो. गुणी आहे हो, पण बिचाऱ्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही.

२. आता दुकान. घरदुरुस्तीची मशीने भाड्याने देण्याचे हे दुकान यजमानांनी एक ड्रिल आणि एका शिडीवर सुरू केले आणि हयातीतच माझ्या नावे केले. अजेय म्हणतो, "आई, विकून टाकू, मल्हारकाका तयार आहेत." मल्हारराव म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना तिथे मोबाईलचे शोरूम काढायचे आहे. काढतील! मी असताना नाही आणि गेल्यावरही नाही.

३. कारण लिहिणे भाग आहे. खंडेनवमीला आम्ही सगळी मशीने गिऱ्हाइकांकडून परत बोलावतो, पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून पूजेला मांडतो. त्या दिवशी एकही बाहेर जात नाही, कलेक्टर आला तरी. नऊ वर्षांपूर्वी मी नैवेद्य वाढत होते तेव्हा मल्हारराव आले. "वहिनी, घरचंच आहे, पाच मिनिटांचं काम," म्हणत फरशी कापायचे मशीन उचलून घेऊन गेले, आणि अर्ध्या तासात जळके परत आणले. हार आधी काढला होता म्हणाले. वर गावभर जो भेटेल त्या भावाला सांगितले, "वहिनींकडची मशीनं सडकी आहेत, भिया." गिऱ्हाईक तुटले. यजमानांनी ते मनाला फार लावून घेतले. आपल्याच मशीनचा दोष, असे म्हणत राहायचे.

तीन वर्षांनी अजेयचे लग्न झाले. सून नेहा टोंकखुर्दची. आल्यावर महिन्याभरात तिने ते मशीन भंगारातून काढून ओट्यावर उघडले आणि ओरडली, "आई, हे बघा ना, पंख्यात धागा फँसला आहे!" धागा हाराचा, पाकळ्याही आत चिकटलेल्या. यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले. तो दोरा हातात धरून ते इतके हसले की मला रडू आले. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

४. म्हणून दुकान, सर्व मशीने आणि शिड्यांसह, माझी सून नेहा अजेय जगदाळे हिला. चालवून दाखवल्याशिवाय मशीन कोणाला देऊ नये. ड्रिल न्यायला एकटी बाई आली तर "घरात कोणी माणूस नाही का?" असे तिला विचारू नये. मला गल्ल्यावर बसलेली पाहून चाळीस वर्षे लोक हेच विचारत आले.

५. मल्हाररावांना काही नाही. साक्षीदार मात्र त्यांनाच केले आहे, म्हणजे सगळे बसून ऐकावे लागेल. अजेयने मोठ्याने वाचावे, नेहा हिंदी शाळेत शिकलेली, तिला मराठी लिखाण चटकन वाचता येत नाही.

६. नेहा म्हणते, "आई, मी तर सून आहे, ह्यांच्या नावे करा." अगं, मीही सूनच होते! मशीने मी दिली, भांडणे मी मिटवली, आणि पाटीवर नाव यजमानांचे. मी कधी बोलले नाही, ही माझी चूक. नवी पाटी रंगवायला दिली आहे: 'मालक: सौ. नेहा जगदाळे'. माझ्या मरणाची वाट न पाहता ती येत्या सोमवारी लावावी. मला ती रस्त्यापलीकडे उभे राहून वाचायची आहे.

हे सर्व वाचून, समजून घेऊन मी सही केली.

इंदिराबाई खंडोजी जगदाळे

साक्षीदार:
१. मल्हारराव मानाजी जगदाळे, दीर
२. भगवंत शितोळे, शेजारी

देवास, दि. १८ जानेवारी २०२५