होडीमागचा चमचा

अप्पा, तुमची हिरवी पेटी मी उघडली. आई गेल्यावर पोटमाळा रिकामा करायचं माझ्यावर आलं, कारण कांजूरमार्गची आपली खोली आता पाडणार आहेत आणि तिथे बावीस मजले चढणार आहेत, असं बिल्डर म्हणतो. तो म्हणतो म्हणून मी कागद दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा वकिलाकडून वाचून घेतले. पेटीत तुमचं रीळ होतं, पिवळा पडलेला नायलॉनचा दोरा होता, गंजून एकमेकांत अडकलेले गळ होते आणि आईच्या जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेले तीन चमचे होते. मासे पकडायचे चमचे. दांडा कापलेला, दोन्ही टोकांना भोक, एकीकडे कडी, दुसरीकडे तीन काट्यांचा गळ. दोन चमच्यांचे दांडे तुम्ही मुळापासून घासून काढले आहेत. तिसऱ्याचा पेरभर राहिला आहे आणि त्यावर वेलबुट्टीची दोन पानं अजून दिसतात. ही वेलबुट्टी कुठली, हे तुम्हाला सांगायला नको. आपण या खोलीत राहायला आलो तेव्हा थोरल्या मामाने आईला सहा जड स्टीलचे चमचे दिले होते, त्यांच्या दांड्यावर ती होती. सहातले तीन एका उन्हाळ्यात नाहीसे झाले आणि त्यावरून शेजारच्या मावशीवर आळ आला, तो आजपर्यंत कोणी उतरवला नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच, की तुम्हाला हे माहीत होतं का. आणि माहीत होतं तर गप्प का बसलात?

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. वांद्र्याच्या ऑफिसात मी विम्याचे दावे तपासते. गाडी कशी आदळली, दुकानाला आग कशी लागली, हे लोक सांगतात आणि ते खोटं असावं असं धरून चालणं हे माझं काम. घरीही सवय सुटत नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना मी उलटसुलट प्रश्न विचारते, मुलगी म्हणते, ‘आई, यार, तू सीसीटीव्ही आहेस.’ त्यामुळे पेटी पाहिल्यावर मी आधी कापडाकडे पाहिलं. रीळ उघडं ठेवलं आणि चमचे तेवढे गुंडाळले, ते का? ज्याला काही लपवायचं नाही तो जुना पत्रा कापडात कशाला ठेवेल?

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने लिहायला हवी. कारखान्यातला खिळाही तुम्ही कधी घरी आणला नाही. सुटी झाली की गेटवर डबा उघडून दाखवायचा, तो तुम्ही पहारेकऱ्याने सांगायच्या आधीच उघडायचात. पत्र्याचे तुकडे तिथे ढिगाने पडलेले असायचे, त्यातून असे शंभर चमचे झाले असते. पण तुम्ही म्हणायचात, ‘भंगार असलं तरी कंपनीचंय.’ म्हणजे बाहेर इतका सरळ माणूस, आणि घरात बायकोचे चमचे कापतो. मी दावा तपासत असते तर या वाक्याखाली लाल रेघ मारली असती.

माशांचं वेड तुम्हाला लावलं तुमच्या सुपरवायझर साहेबांनी. ते पवई तलावावर गळ टाकायला जायचे, त्यांची होडी होती, आणि त्यांच्या ओळखीवर रविवारी ती तुम्हाला मिळायची. आपण ज्या गावचे, तिथे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. तिथल्या माणसाने होडीत बसावं याचंच आईला नवल. साहेबांनी जुनी विलायती मासिकं दिली होती, इंग्रजी मासिकं, तुम्हाला वाचता येत नसत म्हणून नववीतली मी डिक्शनरी घेऊन वाचून दाखवायची. थंड देशातले समुद्राएवढे तलाव, लोकरी टोप्या घातलेले गोरे लोक, आणि सॅमन आणि ट्राउट असे दोन मासे, जे आपण कधी पाहिले नाहीत आणि पुढेही पाहणार नव्हतो. ते लोक काठावर बसत नाहीत. ते होडी सावकाश चालवत ठेवतात, मागे लांब दोरा सोडतात आणि दोऱ्याच्या टोकाला चकचकीत चमचा डुलत येतो. लहान मासा लंगडत चाललाय असं समजून मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो. तुम्ही ठरवून टाकलंत की ट्राउटला जे चालतं ते आपल्या तळ्यातल्या मरळीला चालायलाच पाहिजे. काठावर कणकेचे गोळे लावून बसलेले लोक आपल्याला हसायचे. ‘ओ भाऊ, मासे पकडायला आलात की पोरीला फिरवायला?’

वल्ही माझ्याकडे होती. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते आणि तोंड मागे, त्यामुळे दोन तास मी तुमच्याकडे बघत असायचे आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून, नाहीतर मागे दोऱ्याकडे. सकाळचे सात वाजलेत, जलपर्णीच्या बाजूने आपण चाललोय, तुमच्या बोटाला दोऱ्याची थरथर लागतेय, आणि तुम्ही हळू आवाजात म्हणताय, ‘एवढाच वेग. असाच.’ घरात मी सगळ्यांची भांडी घासायची, पाणी भरायचं, धाकट्यांना सांभाळायचं. होडीत माझ्या हाताच्या वेगावर तुमचा अख्खा रविवार अवलंबून असायचा. मला ते फार आवडायचं, अप्पा. इतकं की शनिवारी रात्री झोप लागायची नाही.

आणि मग ती चूक. तुमच्याकडे दुकानातून आणलेला एकच चमचा होता, साहेबांनी दिलेला. खडकापाशी मी होडी पटकन वळवली. वळताना होडीचा वेग पडला, दोरा सैल झाला, चमचा तळाला गेला आणि बुडालेल्या झाडाच्या बुंध्यात अडकला. तुम्ही ओढला, मी उलटं वल्हवलं, दोरा तुटला. तुम्ही ओरडला नाहीत. रीळ गुंडाळत एवढंच म्हणालात, ‘पुढच्या रविवारी येऊ नकोस. मीही येत नाही.’ त्यानंतर तीन रविवार आपण घरी होतो. तुम्ही दारात बसून पेपर वाचलात, मी भांडी घासली. चौथ्या रविवारी तुमच्या हातात नवा चमचा होता, तलावावरच्या शेडमध्ये करवतीने कापलेला, कानशीने घासलेला. आणि त्याच दिवशी पहिली मरळ लागली.

आता मावशी. मालवणची बाई, मासा हातात आला की तिचे डोळे लकाकायचे. आईला मासे साफ करता येत नव्हते. त्यामुळे दर रविवारी मावशी विळी घेऊन आपल्या मोरीत बसायची आणि नाक मुरडत म्हणायची, ‘तळ्यातलो मासो गो, मातयेचो वास येता.’ मग हळद, मीठ, कोकम चोळून तो वास घालवायची, आणि तिरफळं नाहीत म्हणून आईला टोमणे मारायची. आई हसायची. आईला मी इतकं हसताना नंतर पाहिलेलं नाही. आपल्या स्वयंपाकघरात डब्यात हात घालायची मुभा असलेली ती एकच बाहेरची बाई. म्हणूनच तिसरा चमचा गेल्यावर आईचा संशय दुसऱ्या कोणावर जाणं शक्यच नव्हतं.

आई मोरीच्या उंबऱ्याशी उभी आहे. ‘चमचे दिसत नाहीत माझे. तुमच्याकडं चुकून आले का बघा.’ मावशी हातातला मासा तसाच खाली ठेवते. ‘म्हणजे? मियां नेलंय?’ आई म्हणते, ‘मी काय चोर म्हणलं का? विचारलं नुसतं.’ मावशीने विळी धुतली, पदराला पुसली आणि ती गेली. पुढे दोन वर्षं एका भिंतीच्या अलीकडे पलीकडे राहून दोघी बोलल्या नाहीत. मावशीच्या पोरांना चाळीत कोणी ना कोणी चिडवायचं. मग ते लोक मुलुंडला गेले.

त्या रात्री जेवताना आईने तुम्हाला सांगितलं. तुम्ही ताटावरून मान वर केलीत आणि आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, ‘जाऊ दे. चमचेच होते ना, सोन्याचे होते का?’ हे वाक्य मी तीस वर्षं तपासते आहे. ‘शोधू’ नाही, ‘तिने नेले नसतील’ नाही. पुढच्या रविवारी होडीत मी म्हणाले, ‘मावशी आता येणार नाही आपल्याकडे.’ तुम्ही म्हणालात, ‘वल्हव. थांबलीस की चमचा तळाला जातो.’ आणि पंधरा दिवसांनी आईसाठी नवे सहा चमचे आणलेत. न मागता. आईने ते चाळभर दाखवले. मला तेव्हापासून न मागता मिळालेल्या वस्तूची भीती वाटते.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मावशी आली होती. मी तिला ओळखलं नाही, इतकी वाकली आहे. मागच्या खुर्चीवर बसली, बुद्धवंदना संपल्यावर आईच्या फोटोपुढे फूल ठेवलं आणि जेवायला न थांबता निघाली. मी थांबवलं तर म्हणाली, ‘नको गो बाय, तुमच्या ताटाक हात लावूक नको.’ त्यानंतर आठवड्याने पेटी सापडली, आणि मी तो वेलबुट्टीचा चमचा पर्समध्ये घालून मुलुंडला गेले.

तिने चमचा हातात घेतला, बोटाने पानं चाचपली. मग विचारलं, ‘कोणी घेतल्यान?’ मी म्हणाले, ‘अप्पांनी.’ ती म्हणाली, ‘बरो माणूस होतो तो.’ राग नव्हता तिच्या आवाजात, नुसतं नवल होतं, आणि थोडं दुःख, तेही तुमच्यासाठी. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ‘आणि तू? तू होडयेत होतंस मां?’ मी म्हणाले, ‘मी लहान होते, मावशी. माझं लक्ष नव्हतं.’

इथवर लिहून मी उठले, चहा केला, तो गार झाला. तुम्हाला प्रश्न विचारणं सोपं आहे, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. चमचे तुम्ही घेतले नाहीत. घरच्या चमच्याचा गळ कसा करावा, हे मासिकात वाचलं मी. घरी बसलो होतो त्यातल्या तिसऱ्या रविवारी मामाच्या सेटमधला पहिला चमचा दप्तरातून काढून तुमच्या हातात दिला मी. ‘आईला विचारलंस का?’ असं तुम्ही विचारलंत आणि मी म्हणाले, ‘आईनेच दिलाय.’ पुढचे दोनही तसेच. तुम्ही आईशी त्यावर बोलणार नाही, हे मला माहीत होतं, कारण होडीच्या विषयावरून तुमची नेहमी भांडणं व्हायची. म्हणजे त्या रात्री जेवताना तुम्हाला पहिल्यांदा कळलं असणार. मुलीला चाळीसमोर उभं करायचं की शेजारणीला तसंच राहू द्यायचं, हे तुम्ही तो घास गिळेपर्यंत ठरवलंत. ते चूक होतं. तुम्ही बोलायला हवं होतं. पण तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, आणि मी तुमच्यावर लाल रेघा मारत बसले आहे.

हे पत्र कुठे टाकणार? मावशीचा नंबर फोनमध्ये आहे, ती दुपारची झोपून चारला उठते, पाच वाजत आले. अजून लावलेला नाही. आणि एक गोष्ट तुमच्यापासून तरी लपवत नाही. त्या दिवशी तुमचं नाव सांगून मी मावशीच्या जिन्यावरून उतरले, तेव्हा मला फार हलकं वाटलं, अप्पा. रिक्षात बसल्यावर भूक लागली होती.