बगळा पेठेचा पहिला खांदा

१ ऑगस्ट, सकाळी सात
आजपासून राग बंद. मारामारी बंद. हात वर करायचा तो फक्त टूरिस्टांना घड्याळाचा मनोरा दाखवण्यापुरता.

कारण असं, की काल पेठेच्या प्रमुख इल्देगार्दाबाईंनी त्यांच्या औषधांच्या दुकानात बोलावून घेतलं. म्हणाल्या, ओत्तोरिनो, यंदा पहिला खांदा तुला द्यावा असं पंचांच्या मनात आहे, पण सणापर्यंत कुणाच्या अंगाला तुझी मूठ लागली असं कानावर आलं तर खांदा नेरी खाटकाला. मी म्हणालो, बाई, मी मूळचा शांत माणूस. त्यावर त्या शिंकल्यासारख्या काहीतरी झाल्या.

एकतीस वर्षं वाट पाहतोय. दहा तारखेला थोरल्या पुलावर गाडा लागणार. इकडून आम्ही बगळा पेठ, तिकडून ती रानडुक्कर पेठ. जी पेठ गाडा रेटत पलीकडे नेईल, तिचं निशाण वर्षभर मनोऱ्यावर. आणि आमच्या बाजूनं सगळ्यांत पुढचा खांदा माझा! साठी पूर्ण झाल्यावर खांदा मिळत नाही. माझी साठी दहा तारखेलाच भरते, पण माझा जन्म अकरा वीसचा आणि गाडा लागतो अकराला. वीस मिनिटं आहेत. पुष्कळ झाली.

१ ऑगस्ट, संध्याकाळ
एका रानडुकरानं आमच्या पेठेतल्या कारंज्यावर बाटली भरली. मी त्याला समजावलं. समजावताना त्याचा एक दात पडला. आधीच हलत असणार.

कानावर जायची भीती नाही. गुद्द्याची तक्रार करायची आमच्या गावात रीतच नाही. मुठी चालतात. पट्टा नाही, दगड नाही, पडलेल्याला लाथ नाही, आणि चष्मा असेल तर आधी उतरवू द्यायचा. सुसंस्कृत गाव आहे.

उद्यापासून राग बंद, दिवस पहिला.

३ ऑगस्ट
पाच सकाळींचं प्रायव्हेट बुकिंग! एकट्या बाई. आदेल्मिना त्रोसी, वय चौऱ्याऐंशी, राहणार लुगानो. माझंच नाव घेऊन मला मागितलं. कीर्ती स्वित्झर्लंडपर्यंत पोचली म्हणायची. आमची बोली अगदी इथल्यासारखी बोलतात. तरुणपणी काही वर्षं इथंच नोकरीला होत्या म्हणे.

नेहमीचा रस्ता दाखवला. कॅथीड्रल रानडुक्कर पेठेत आहे, त्यामुळे ते मी आमच्या टेकडीवरून, अंजिराच्या झाडाखालून, पाठमोरं दाखवतो. देवळाची पाठच प्रामाणिक असते, असं मी टूरिस्टांना सांगतो. तीस वर्षांत जेमतेम चौदा तक्रारी. त्रोसीबाई म्हणाल्या, समोरून कसं आहे? मी म्हणालो, फार बोलावं असं नाही. मी ते समोरून पाहिलेलं नाही, हे सांगायची गरज वाटली नाही.

मग त्यांनी माझी जन्मतारीख विचारली. सांगितली. कुठल्या हॉस्पिटलात? म्हटलं, जुन्या. मग मी त्यांना आमची मातीची पद्धत समजावून दिली, कारण हा भाग माझा फार रंगतो. बाळ स्वतःच्या पेठेच्या मातीवर जन्माला आलं पाहिजे, पण हॉस्पिटल एकच. म्हणून बाळंतिणीच्या खाटेखाली पेठेच्या मातीची लाकडी पेटी ठेवतात. म्हातारं माणूस आजारी पडलं तरी ठेवतात, न जाणो. आईबाप कोण हे दुय्यम. खाली माती कुठली, ते खरं. गेल्या वर्षी नेरीचा भाचा ॲम्ब्युलन्समध्येच जन्मला, तेव्हा त्याला पेठेचा निळा रुमाल द्यायला मीच विरोध केला होता. जोरदार भाषण झालं होतं.

बाईंनी पेटीचा भाग मला पुन्हा एकदा सांगायला लावला. माझ्या ज्ञानानं भारावल्या असाव्यात.

४ ऑगस्ट
आज ऐतिहासिक दगड. इथं माझ्या आजोबांनी चार दात पाडले, इथं वडिलांचा जबडा निखळला, इथं मी गालगानोचं नाक पहिल्यांदा फोडलं, वय वर्षं सात.

गालगानो पिंती म्हणजे रानडुकरांचा पहिला खांदा. गेली बावीस वर्षं तोच. पुलापलीकडे त्याचा कॉफीचा बार आहे. त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात, माझ्या शेजारच्या खाटेवर दहा मिनिटं आधी जन्मला. तिथंही त्यानं घाई केली. मी त्याचं नाक दोनदा फोडलंय. त्यानं माझ्या बरगड्या एकदाच मोडल्या, आणि तेव्हा मी घसरलो होतो.

पुलाच्या टोकाशी आलो तर हा बाहेरच उभा. ओरडला, काय रे बगळ्या, आज आजीला घेऊन आलास मदतीला? मी शांत राहिलो. पार पूल ओलांडून त्याच्यापर्यंत जाईतो शांत होतो. मग चष्मा काढून त्रोसीबाईंच्या हातात दिला. त्यानं माझ्या डोळ्यावर दिली, मी त्याच्या कानशिलावर. त्याचं रक्त माझ्या गाईडच्या बिल्ल्यावर उडालं. मग तो बारच्या हिरव्या टेबलावर आडवा झाला आणि मी, सन्मानानं, त्याच्या शेजारी पालथा.

बाई आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. असली दृश्यं आता युरोपात फारशी उरलेली नाहीत.

घरी हिला सांगितलं, दार लागलं. ही म्हणाली, दाराला सांगा, अंगठी काढून लागत जा. झीता, माझी बायको, पिस्तोइया शहरातली आहे. बाहेरच्यांना आमचं गाव कळत नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी नाही.

५ ऑगस्ट
राग बंद, दिवस पहिला.

सकाळी सव्वादहा. घंटेच्या चौकात दोन तरुण रानडुकरं. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेवढ्यात त्रोसीबाईंनी चष्म्यासाठी हात पुढे केला. आता नाही म्हणणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. गेलो.

ओठाला तीन टाके. तरुण पिढीत दम नाही. पळाली नाहीत, पण दम नाही.

७ ऑगस्ट
पेठेच्या तळघरात गाड्याचा सराव. नेरी म्हणाला, ओत्तोरिनोकाका, साठाव्या वर्षी खांदा देतात तो शवपेटीला. सगळे हसले. मीही हसलो. हसत हसत त्याचा हात धरला, आणि मनगट कसं फिरवायचं ते तो विसरला. हाड दोन ठिकाणी मोडलंय.

इल्देगार्दाबाईंनी नेरीचं मनगट झोळीत बांधलं. मग म्हणाल्या, पंचांच्या यादीत दुसरा कुणी उरलाच नाही, तेव्हा खांदा तुझा. गुणांची कदर शेवटी होतेच.

राग बंद, दिवस पहिला. आता तीनच दिवस काढायचेत.

८ ऑगस्ट
भयंकर दिवस. डाव्या हातानं लिहितोय.

नऊ वाजता त्रोसीबाई ठरल्या जागी नाहीत. कुणीतरी सांगितलं, त्या एकट्याच पूल ओलांडून गालगानोच्या बारमध्ये बसल्यात. माझी टूरिस्ट! रानडुकरांनी पळवली! गेलो. चष्मा कुणाकडे द्यायचा? खिशात घातला. बारच्या पायरीवरच चौघं आडवे आले. एकाला तिथंच बसवला. दुसऱ्याच्या पोटात डोकं घातलं, तो खुर्च्यांसकट कोसळला. उरलेल्या दोघांनी मग मला आलटून पालटून मारलं. मी दमलो नव्हतो, विचार करत होतो. तेवढ्यात आडवा झालो.

फरशीवर पाठ टेकली तेव्हा समोर कॅथीड्रल होतं. पहिल्यांदाच समोरून पाहिलं. पांढरा आणि हिरवा दगड, वर उन्हात चमकणारी ती गोल खिडकी. फार सुंदर आहे. (हे कुणाला सांगू नये.)

मौज म्हणजे गालगानो मधे पडला नाही. आत त्रोसीबाईंसमोर बसून होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. मला घाबरला असणार.

९ ऑगस्ट, दुपार
शेवटची टूर. बाई म्हणाल्या, आज रस्ता मी दाखवते. मला जुन्या हॉस्पिटलच्या अंगणात घेऊन गेल्या. तुतीच्या झाडाखाली बसवलं आणि सांगितलं.

साठ वर्षांपूर्वी त्या इथं नर्स होत्या. वय चोवीस. दहा ऑगस्टला सगळं गाव पुलावर, वॉर्डात त्या एकट्या आणि फरशी पुसणारी बाई. दोन खाटा, दोन बाळंतिणी, दोन पेट्या. पुसणाऱ्या बाईनं पेट्या बाहेर ओढल्या, फरशी पुसली आणि पेट्या परत सारल्या. अदलाबदल करून. मग दहा मिनिटांच्या अंतरानं आम्ही दोघं जन्मलो. बाईंच्या लक्षात आलं ते नंतर. सांगायला बाहेर गेल्या, तर माझे वडील आणि गालगानोचे वडील कॉरिडॉरमध्ये एकमेकांच्या छातीवर बसले होते. बाई म्हणाल्या, तेव्हा बोलले असते तर दोघांनी मिळून मला मारलं असतं. पुढं लग्न झालं, लुगानोला गेल्या. आता डॉक्टरांनी त्यांना फारसे दिवस दिलेले नाहीत. म्हणाल्या, पोरा, हे ओझं घेऊन मला जायचं नव्हतं. गालगानोला काल सांगितलं, तुला आज.

म्हणजे मी रानडुक्कर.

मी म्हणालो, बाई, वयानं विसरायला होतं. त्या म्हणाल्या, होतं ना. काल काय जेवले ते आठवत नाही. त्या पेट्या आठवतात.

९ ऑगस्ट, संध्याकाळी सहा
हिला सांगितलं. ही इतकी हसली की जिन्यावर बसावं लागलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायची थांबली. मला रडू आलं. आजोबांचे ते चार दात, वडिलांचा जबडा, माझ्या बरगड्या. साठ वर्षं मी माझ्याच माणसांना मारत होतो, आणि माझी माणसं मला. ही म्हणाली, ओत्तोरिनो, सूप निवतंय.

१० ऑगस्ट, सकाळी आठ
विचार केला. माती म्हणजे शेवटी काय? माती. कुणाला कळलेलं नाही, गालगानो बोलणार नाही. दुप्पट जोरानं रेटायचं. तीस पावलांत गाडा पलीकडे. निळा रुमाल बांधला. पांढरा बगळा बरोबर छातीवर आलाय. आज इतिहास घडणार.

राग बंद म्हणायची आज गरज नाही.

११ ऑगस्ट, हॉस्पिटल
इतिहास घडला.

अकराला तोफ झाली. मागून चाळीस बगळे, पुढून चाळीस रानडुकरं, मधे गाडा, आणि गाड्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांचा श्वास लागेल इतके जवळ मी आणि गालगानो. मी खांदा लावला. गालगानो हळूच म्हणाला, ओत्तोरी, खरं असेल का रे ते? साठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली. मी म्हणालो, तू रेट गपचूप. तो म्हणाला, रेटतो, पण कुणाकडून?

मी रेटत होतो, पण पाय मन लावून रेटत नव्हते. त्याचंही तसंच. गाडा एक वीतही हलेना. मागून आधी टाळ्या, मग शिव्या. पंधरा मिनिटं. अठरा. मनोऱ्याचं घड्याळ मला समोर दिसत होतं. अकरा वीसला साठी भरली, आणि मी खांदा काढला. खांदा दमला होता म्हणून नव्हे. त्याच क्षणी गालगानोनंही काढला.

पुढचा खांदा गेल्यावर मागची ऐंशी माणसं एकमेकांवर आदळली, गाडा तिरका झाला, कठडा तोडून नदीत गेला. तीनशे वर्षांचा गाडा. मग तीनशे वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पेठा एक झाल्या आणि आम्हा दोघांना तुडवलं. नेरीनं प्लास्टरचा हात वापरला. इल्देगार्दाबाईंची चप्पल मी ओळखली. पडलेल्यालाही लाथा घातल्या, हे रीतीला सोडून होतं. गर्दीपलीकडे त्रोसीबाई चष्म्यासाठी हात पुढे करून उभ्या होत्या, पण तिथवर पोचता आलं नाही. चष्मा गेला.

ढिगाखाली गालगानो माझ्या अंगावर पडून होता. मला मारत नव्हता. मला वाटतं, लाथा अडवत होता. किंवा त्याला उठता येत नव्हतं.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
मानेला पट्टा, वळवायची नाही असं सांगितलंय. शेजारच्या खाटेवर गालगानो. त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटलेत.

रीत ती रीत. मारल्यावरही पेठेनं पेटी धाडली. हिनं ती कुरकुरत माझ्या खाटेखाली सारली. गालगानोच्या बहिणीनं त्याची त्याच्याखाली. चला, निदान आता तरी सगळं जागच्या जागी आहे, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, हो.

तेवढ्यात पुसणाऱ्या बाई आल्या. बादली आपटली. खालून पेट्या ओढल्याचा आवाज. फरशी पुसली. मग पेट्या सारल्याचा आवाज.

गालगानो म्हणाला, ओत्तोरी, कुठली कुठं ठेवली ते बघितलंस का? मी म्हणालो, मान वळत नाही. तुला? तो म्हणाला, मला काहीच दिसत नाही. उद्या पुसणाऱ्या बाईंनाच विचारायचं ठरलं. शक्यतो मी विचारायचं.

१२ ऑगस्ट, सकाळी नऊ
पुसणाऱ्या बाई आल्या, पुसून गेल्या. आम्ही दोघांनीही झोपेचं सोंग घेतलं.